लाइन द्या, ताई

ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवणाऱ्याला स्टेजवर स्वतःचा ॲम्प मिळणं आमच्या कोल्हापूर-सांगली भागात तरी दुर्मीळच. गणपतीचा मांडव असो, कोजागरीचा कार्यक्रम असो की लग्नातलं संगीत, बहुतेक जागा दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक आणि गायकांच्या मॉनिटरनी अडवलेली असते. साऊंडवाले मामा हातात जॅक घेऊन येतात आणि म्हणतात, "लाइन द्या, ताई." म्हणजे मध्ये कुठलाही ॲम्प न घेता गिटार थेट मिक्सरला जोडायची. मल्टि-इफेक्ट्स पेडलबोर्ड, ज्याला आम्ही सगळे नुसतं 'प्रोसेसर' म्हणतो, तो बदलायची वेळ आली तेव्हा मी विचाराची सुरुवात या एका वाक्यापासून केली.

इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपल्या कानात बसलेला आहे, त्यात तारा आणि पिकअपइतकाच ॲम्पच्या स्पीकरचाही वाटा असतो. हा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग फारसा ऐकवतच नाही. डिस्टॉर्शनमधली करकर त्यामुळे आपोआप गाळली जाते. मांडवातल्या साऊंड सिस्टीमचं तसं नाही. तिच्यात वरच्या पट्टीसाठी वेगळा हॉर्न असतो आणि तो आलं ते सगळं बाहेर फेकतो. स्पीकरचा परिणाम न घालता डिस्टॉर्शन मिक्सरला दिलं, की मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, वाजवणारीचा हात कच्चा आहे.

म्हणून प्रोसेसरमध्ये इफेक्ट किती, यापेक्षा त्यातलं कॅबिनेट कसं, हे मला आधी ऐकायचं असतं. आताच्या यंत्रांत ते बहुधा 'आयआर'च्या, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्सच्या रूपात असतं. खऱ्या कॅबिनेटमधून ठरावीक ध्वनी सोडायचा, समोर माइक ठेवून तो नोंदवायचा आणि त्या नोंदीवरून कॅबिनेटचा स्वभाव काढायचा, अशी ती पद्धत. माइक स्पीकरच्या बरोबर मध्यावर होता की कडेला सरकवलेला, हेसुद्धा त्यात ऐकू येतं. मध्यावरचा आवाज धारदार, कडेचा मऊ. आमच्या कार्यक्रमांना कडेकडचा आवाज चांगला लागतो, कारण कीबोर्डच्या तुताऱ्या आणि व्हायोलिनं वरची जागा आधीच घेऊन बसलेली असतात.

आता इफेक्टचं. प्रत्येक कार्यक्रमात 'कर्ज'मधल्या 'एक हसीना थी'च्या गिटारची फर्माईश येते. १९८० चा सिनेमा, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं संगीत आणि गिटार गोरख शर्मांची. लोकांना तो तुकडा सुरासुरासकट पाठ आहे, एक मिंड इकडची तिकडे झाली तरी पहिल्या रांगेत कळतं. आणि तो उभा राहतो तो बोटांवर. तिथे इफेक्टचा थर चढवला की त्यातली मिंड बुडून जाते. त्याच्याच पुढचं गाणं एखादं धडाकेबाज डिस्टॉर्शनचं असतं आणि त्यानंतरचं कोरस घातलेल्या शांत कॉर्डचं. एवढ्या सगळ्यासाठी मला खरोखर लागतं काय, याची यादी केली तर ती छोटीच निघते: स्वच्छ आवाज, त्यावर कोरस, थोडं ओव्हरड्राइव्ह, लीडसाठी डिस्टॉर्शन आणि डिले, शिवाय वाह आणि फेजर. यातले बहुतेक आवाज साठ-सत्तरच्या दशकांतल्या सुट्या पेडलमधून आलेले आहेत. एमएक्सआरचं फेज ९० हे पेडल १९७४ चं, बॉसचं सीई-१ कोरस १९७६ चं. आजचा प्रत्येक प्रोसेसर याच जुन्या मंडळींच्या नकला करतो. खोक्यावर दीडशे इफेक्ट लिहिलेत की तीनशे, याने मला काही फरक पडत नव्हता.

फरक पडत होता तो पायाखाली. माझ्या आधीच्या प्रोसेसरमध्ये एका पॅचवरून, म्हणजे साठवून ठेवलेल्या एका आवाजावरून, दुसऱ्यावर जाताना आवाज क्षणभर तुटायचा. घरी बसून वाजवताना ते लक्षातही येत नाही. स्टेजवर मात्र अंतरा संपतो, तबला-ढोलकची तिहाई पडते आणि समेवर गिटारचा सोलो उचलायचा असतो. नेमका तिथेच पाय दाबायचा आणि नेमका तिथेच तो तुकडा गिळला जायचा. आधीच्या सुरांचा डिले हवेत विरत असतो, तोही कापल्यासारखा बंद. कीबोर्ड वाजवणारे दादा म्हणायचे, "तू सोलो उचलतेस का दार उघडून आत येतेस?" मग मी समेच्या आधीच्या मात्रेवर हात थांबवून पाय दाबायला लागले. म्हणजे यंत्राच्या सोयीने गाणं वाजवायला लागले, आणि ते मला मान्य नव्हतं.

असं होण्यामागे कारण आहे. पॅच बदलताना प्रोसेसरला जुनी सगळी जोडणी मोडून नवी उभी करावी लागते: नवा ॲम्प, नवं कॅबिनेट, नवे इफेक्ट. त्याला वेळ लागतो. यावर उपाय म्हणून काही यंत्रांत एका पॅचच्या आतच वेगवेगळ्या अवस्था साठवता येतात. लाइन ६ ही कंपनी त्याला 'स्नॅपशॉट' म्हणते, इतर काही जण 'सीन'. जोडणी तीच राहते. कुठला इफेक्ट चालू, कुठला बंद, गेन किती, डिले किती, एवढंच बदलतं. नवं काही उभं करायचं नसल्याने आवाज तुटत नाही आणि आधीच्या डिलेची शेपटीही मागे रेंगाळत राहते. माझ्यासाठी याचा अर्थ सरळ होता: एका गाण्याला एक पॅच, आणि त्यातच मुखडा, अंतरा, सोलो, शेवट.

बाजारात पर्याय भरपूर आहेत आणि वाईट म्हणावा असा आता फार थोडा. हीलिक्स २०१५ साली आलं तेव्हापासून त्याचं नाव आहे, पण टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटखाली, ढोलकाच्या शेजारी कोंबून न्यायला ते मला जड आणि महाग. क्वाड कॉर्टेक्स प्रत्यक्षातल्या ॲम्पचा आवाज 'कॅप्चर' करून साठवतं, आवाज अप्रतिम; पण ज्याच्याजवळ कॅप्चर करण्याजोगा ॲम्प आणि स्टुडिओ आहे त्याला त्याचं खरं मोल. एचएक्स स्टॉम्प लहानसं, सुबक, मात्र पायाचे स्विच तीनच. तीन तासांच्या कार्यक्रमात, निवेदक ऐनवेळी क्रम बदलत असताना, तीन स्विचवर भागवणं मला जमण्यातलं नाही. शेवटी दोन नावं उरली: बॉसचं एमई-९० आणि लाइन ६ चं पॉड गो.

मी मुंबईला धोबी तलावाच्या बाजूच्या दुकानांत गेले, ती माझी स्वतःची गिटार पाठीवर टाकून. दुकानातल्या चकचकीत गिटारवर सगळंच गोड वाजतं. तिथल्या मुलाने प्रोसेसर गिटार ॲम्पला जोडला होता. मी त्याला म्हटलं, "हा ॲम्प काढ, कीबोर्डचा स्पीकर असेल तर त्याला लाव." थोडा गोंधळला, पण लावून दिलं. कंपनीचे पॅच मी ऐकलेच नाहीत. ते दुकानात एकट्याने ऐकायला बनवलेले असतात, रिव्हर्ब आणि डिलेने भरलेले, आणि बँडमध्ये त्यांचा मागमूस राहत नाही. कोरा पॅच घेतला. एक ॲम्प, एक कॅबिनेट, बाकी काही नाही. सर्वांत जाड तार तळव्याने दाबून वाजवली: आवाज घट्ट राहतो की ढेपाळतो? मग गिटारवरचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला. चांगल्या नकलेत डिस्टॉर्शन तिथे निवळतं, सूर मोकळा होतो. कच्च्या नकलेत नुसता आवाज लहान होतो आणि करकर तशीच राहते. दोन्ही यंत्रं यात उतरली. मग डिले चालू करून बारीक तारेवर एक सूर ओढून धरला आणि तो वाजत असतानाच पायाने स्विच दाबला. पॉड गोवर स्नॅपशॉट बदलला, पण सूर हातातून सुटला नाही, डिले मागे उलगडत राहिला. मी तेच पुनःपुन्हा केलं. मुलाला वाटलं, मला काही शंका आहे. मला शंका काही नव्हती; फक्त ऐकत राहावंसं वाटत होतं.

एमई-९० चं मोठेपण वेगळं आहे आणि ते मी मनापासून मानते. त्यावर प्रत्येक इफेक्टची स्वतःची बटणं आहेत, डोळ्यासमोर, हाताशी. ट्रेबल जास्त झाला तर वाकायचं आणि फिरवायचं. पॉड गोला रंगीत पडदा आहे, आणि उन्हातल्या दुपारच्या कार्यक्रमात पडदा वाचणं कठीण जातं. शिवाय पॉड गोच्या जोडणीतल्या बऱ्याच जागा ठरलेल्या आहेत: वाह, व्हॉल्यूम, ॲम्प, कॅबिनेट, ईक्यू, इफेक्ट लूप. आपल्या मर्जीच्या जागा चारच. अनेकांना हे तोकडं वाटतं. माझी यादी आधीच लहान होती, त्यामुळे चार जागांत कोरस, ओव्हरड्राइव्ह, फेजर आणि डिले चपखल बसले. मी पॉड गो घेतलं.

त्याच दिवशी एक डीआय बॉक्सही घेतला, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. पॉड गोला मिक्सरसाठी एक्सएलआरची सोय नाही, साधा जॅक आहे. स्टेजपासून मिक्सर लांब असतो, अनेकदा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. एवढ्या लांब साध्या केबलमध्ये वाटेतल्या लाइटच्या तारांची घरघर शिरते. डीआय बॉक्स तो सिग्नल बॅलन्स्ड करतो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन तारांवर सारखाच चढतो आणि मिक्सरमध्ये एकातून दुसरा वजा होऊन निघून जातो. बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट'चा एक छोटा खटका असतो. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात गिटार जोडताच ५० हर्ट्झची जी जाड गुणगुण सुरू होते, ती बऱ्याचदा या खटक्याने जाते. आमचे साऊंडवाले मामा आता लांबूनच बोटाने खूण करतात, मी खटका सरकवते, आणि ते मान डोलावतात.

पॅच मात्र मी घरी हेडफोनवर पूर्ण करत नाही. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले जास्त. आवाज वाढला की हे अंतर कमी होत जातं. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळे हेडफोनवर भरदार, गोलसर वाटणारा टोन स्टेजवर खाली गडगडतो, वर टोचतो, आणि मधला, गिटारचा खरा भाग, गायकाच्या आणि कीबोर्डच्या मागे नाहीसा होतो. मी घरी फक्त जोडणी करून ठेवते. मग साऊंड चेकला, सगळे पूर्ण आवाजात वाजवत असताना, बेस कमी, मिड जास्त, आणि रिव्हर्ब तर जवळजवळ काढूनच टाकते, कारण मांडवाचं पत्र्याचं छत स्वतःच पुरेसा रिव्हर्ब देतं. सोलोचा स्नॅपशॉट बाकीच्यांपेक्षा किंचित मोठा ठेवते, इतकाच की मामांना फेडरला हात लावावा लागू नये. डिलेचा वेळ टॅप टेम्पोने पायानेच देते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊण ३७५; हे गणित पाठ असलं तरी गायक रंगात आला की लय पाच-सात ठोक्यांनी चढतेच, आणि तिथे आकडा कामाचा नाही, पाय कामाचा.

अडॅप्टरबद्दल एक सांगायलाच हवं. सुटी पेडलं बहुतेक ९ व्होल्टवर थोड्याशा करंटवर चालतात; पॉड गोला ९ व्होल्ट पण ३ अँपिअर लागतो. दुसऱ्याचा अडॅप्टर तोंडाला बसतो म्हणून लावायचा नाही. माझ्या पिशवीत त्याच क्षमतेचा दुसरा असतो, आणि वायर हँडलभोवती एक वेढा देऊन अडकवलेली, म्हणजे अंधारात कुणाचा पाय अडला तरी पिन निघत नाही.

माझ्याकडे शिकायला येणारी अकरावीतली एक मुलगी हल्ली मागे लागली आहे, "ताई, मीपण तुमचाच घेते." तिला मी नको म्हटलं. ती अजून स्टेजवर वाजवत नाही. तिला आवाज कशाने बदलतो हे हाताने फिरवून कळायला हवं, गेन वाढवला की काय होतं, मिड काढला की काय जातं. तिच्यासाठी बटणांचा एमई-९० बरा. पुढच्या आठवड्यात तिची परीक्षा संपते. तिच्या वडिलांना सांगून ठेवलंय, दुकानात जाताना मला बोलवा, आणि तिची गिटार घरी ठेवून येऊ नका.