झाडावरची पेठ

मराठीच्या प्राध्यापकाला वसंत ऋतू जरा लवकरच भेटतो. पंचांगात तो चैत्रात यायचा असतो. पण परीक्षेच्या आधी अभ्यासक्रम संपवायचा, या घाईत आमच्या वर्गात तो पौषातच उरकून जातो. समोर मुले स्वेटर घालून बसलेली असतात आणि फळ्यापाशी उभा राहून मी आम्रमोहर, मलयानिल आणि कोकिळेचा पंचम यांविषयी बोलत असतो. मुले निमूटपणे सारे उतरवून घेतात. मलयानिल त्यांना परीक्षेत भेटतो आणि परीक्षेनंतर पुन्हा कधी भेटत नाही.

गेल्या वर्षी मात्र तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, कोकिळा दिसते कशी?"

वर्ग हसला. प्रश्न साधा होता, म्हणूनच हसला. पण त्या हसणाऱ्यांपैकी किती जणांनी कोकिळा पाहिली आहे असे मी विचारले, तेव्हा एकही हात वर आला नाही. कोकिळा सर्वांनी ऐकली होती. कुणी पाहिली नव्हती. मग ठरले की, येत्या रविवारपासून पहाटे निघायचे आणि कवितेतले पक्षी झाडावर शोधायचे. दहा-बारा मुले, मी, आमची सौभाग्यवती आणि नववीतली कन्या असा आमचा काफिला तयार झाला. कन्येकडे दुर्बीण होती, सौभाग्यवतीकडे चिवड्याचा डबा, आणि माझ्याकडे शब्दसंपत्ती.

आरंभ पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनपासून केला. ही बाग सांभाळणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८३० सालची. मुंबईची राणीची बाग १८६२ ची. शहरातली माणसे झाडांना भेटायला जातात ती अशा ठिकाणी. येथली झाडे सभ्य असतात. कित्येकांच्या बुंध्याला नावाची पाटी असते. खाली लॅटिन नावही असते. वाड्याच्या दारावर 'अमुक अमुक, बी. ए., एल्‌एल्. बी.' अशी पाटी असावी, तसे वाटते. पक्ष्यांना मात्र पाट्या नसतात, ही मोठी पंचाईत!

आम्ही एका जुन्या वडाखाली उभे होतो. वरून आवाज येत होता: टुक्, टुक्, टुक्, टुक्. एकसुरी, न थांबणारा. कधी डावीकडून येतोय असे वाटे, कधी उजवीकडून. शेवटी कन्येने त्याला दुर्बिणीत पकडले. चिमणीएवढाच, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा, गळा पिवळा. चोच मिटलेलीच, गळा तेवढा फुगत होता. मान इकडून तिकडे वळत होती, म्हणून आवाज जागा बदलल्यासारखा वाटत होता.

"तांबट!" मी म्हणालो. "तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज. म्हणून तांबट."

आणि तीच मुलगी म्हणाली, "पण सर, तांबट म्हणजे कोण?"

आता मात्र कुणी हसले नाही, कारण कुणालाच नीट ठाऊक नव्हते. माझ्या लहानपणी कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरले की बोलणे ऐकू येत नसे, इतका हातोड्यांचा गजर असे. त्या आळीत अजूनही थोडे कारागीर ठोका धरून आहेत. पण या मुलांच्या घरी पाणी प्यायला स्टीलचे नाहीतर काचेचे भांडे. त्यांनी तांब्याचा ठोका कधी ऐकलेलाच नाही. ज्यांनी या पक्ष्याचे नाव ठेवले, त्यांनी कारागिरावरून पक्षी ओळखला. या मुलांना पक्ष्यावरून कारागीर ओळखावा लागणार!

मला तेव्हापासून एक छंदच लागला. मराठीतली पक्ष्यांची नावे मनात घोळवीत बसलो, तर एक अख्खी पेठच झाडावर नांदताना दिसू लागली. लाकूड ठोकणारा सुतार आहे. पाने सुताने शिवून त्यात घरटे करणारा शिंपी आहे. पाण्याकाठी शेपटी आपटीत फिरणारा धोबी आहे. कावळ्याला आणि घारीलाही पिटाळून लावणारा कोतवाल आहे, आणि या कोतवालाचा दरारा एवढा, की इतर साधेभोळे पक्षी त्याच्या शेजारी बिऱ्हाड करतात! पेठेत एखादा ऋषिकुळातला हवा, तर भारद्वाज आहे. कुठेही गिरक्या घेत सुटणारा वेडा राघूही आहे. त्याच्यावाचून पेठ पुरी होत नाही.

ही नावे कोणा पंडिताने खोलीत बसून पाडलेली नाहीत. कामाला जाता-येता ज्यांनी मान वर करून पाहिले, त्यांनी ती ठेवली. नाव ठेवणे म्हणजे नीट पाहणे. आणि नुसते नाव पाठ करणे म्हणजे दुसऱ्याने पाहिलेल्यावर भागवून नेणे.

हे सारे मी प्रयोगशाळेतल्या आमच्या एका सेवकाला सांगत होतो. तो गुंजवण्याच्या खोऱ्यातला. माझे ऐकून घेऊन तो म्हणाला, "बागंत काय बघताय सर? शिमग्याच्या आधी आमच्याकडं या. तिथं झाडांना पाटी नाय, पर वळखतात समदी."

तेव्हा फाल्गुनातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. सातारा रस्त्याने नसरापूर, तिथून मार्गासनी, साखर आणि गुंजवणे. समोर राजगड. गुंजवण्याला लोक येतात ते गड चढण्यासाठी. चोर दरवाजाची वाट येथूनच वर जाते. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत राजगडही आहे. तरुण मंडळी पाठीवर पिशव्या टाकून भराभर वर जात होती. आम्ही मात्र खालीच रेंगाळलो. गडाच्या पायथ्याशीही पाहण्यासारखे काही आहे, याचे चढणाऱ्यांना नवल वाटत होते.

आणि काय पाहावे! आमच्या पुस्तकातला वसंत पालवीने सुरू होतो. येथला वसंत पाने टाकून सुरू झाला होता. गवत वाळून पिवळे पडलेले, डोंगर उघडेबोडके, आणि त्यात पळस, पांगारा आणि काटेसावर ही तीन झाडे अंगावर एक पान न ठेवता लालभडक फुललेली. पळसाचे फूल हातात घेऊन मुलांना दाखवले. पोपटाच्या चोचीसारखी बाकदार पाकळी. म्हणूनच संस्कृतात त्याला किंशुक म्हटले. 'हा पोपट तर नव्हे?' असा प्रश्नच त्या नावात आहे. हा शब्द मी वीस वर्षे शिकवतो आहे. पण ते फूल हातात धरून शिकवण्याची मौज निराळीच.

काटेसावरीवर तर बाजार भरला होता. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, चिमुकले शिंजीर, सगळे मधाला आलेले. पाने नाहीत म्हणून फुले दुरून दिसतात. लाल म्हणून पक्ष्यांच्या नजरेत भरतात. पाकळ्या जाड, कारण गिऱ्हाईक फुलपाखरासारखे हलके नव्हे. पक्षी मध पिण्यासाठी डोके आत घालतो आणि कपाळावर परागाचा भंडारा लावून पुढच्या झाडावर जातो. झाडाचे काम होते, पक्ष्याचे पोट भरते. उधारी नाही, घासाघीस नाही. वैशाखात याच झाडाची बोंडे फुटून कापूस उडू लागतो.

सेवकाचे वडील, तात्या, आमच्याबरोबर होते. वय सत्तरीच्या पुढे, कान मात्र तिखट. आंब्याच्या गर्द झाडातून 'कुहू' आली. मुलगी ओरडली, "सर, कोकिळा!"

"कोकिळा न्हवं, पोरी," तात्या म्हणाले. "त्यो कोकीळ. गडी. काळा असतोय. बाई ठिपक्यांची, ती गात न्हाय, नुसती किकाटती. तिला कुठलं गाणं? तिला कावळ्याचं घर हुडकायचं असतंय."

मुलांच्या चेहऱ्यावर, आता परीक्षेत काय लिहायचे, असे भाव उमटले. मी त्यांना सांगितले, की तात्या म्हणतात तेच खरे. गातो तो नर. पण जुने लोकही अडाणी नव्हते. कोकिळेचे संस्कृतातले एक नाव 'परभृत', म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. कावळ्याच्या घरट्यात तिची अंडी उबतात, हे ज्याने हा शब्द घडवला त्याने पाहिलेलेच असले पाहिजे. पाहणे शब्दात उतरले, आणि पुढे शब्द तेवढा उरला. कन्येने लगेच भर घातली, की सुगरणीचेही तसेच. ते देखणे घरटे विणतो तो नर, नाव मात्र बाईचे.

"अहो, पुरुषाच्या कामाचे श्रेय बाईला मिळाले, असे सगळ्या मराठीत हे दोनच शब्द असतील," सौभाग्यवती म्हणाली. "ते तेवढे राहू द्या."

दुपारच्या सुमाराला दूरवरून चढत्या आवाजात एक पक्षी ओरडू लागला. तात्या म्हणाले, "पावशा. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणतोय. अजून लई अवकाश हाय, पर ह्याला दम न्हाय." हाच पक्षी हिंदी मुलखात 'पी कहाँ' असे विचारतो, आणि इंग्रजांना तो ज्वरात बरळणाऱ्या रोग्यासारखा वाटला. पक्षी एकच. एकाला त्यात विरह ऐकू आला, एकाला ताप, आणि आमच्या मावळ्याला पेरणी. ज्याच्या मनात जे, ते त्याच्या कानात.

उन्हे चढल्यावर तात्या आम्हांला ओढ्याकाठच्या एका वाडीच्या देवराईत घेऊन गेले. बाहेर रखरखाट, आणि दहा पावलांत आत गारवा. आंबा, जांभूळ, बेहडा, हिरडा. बुंधे कवेत न मावणारे. दगडी देवाला शेंदूर. येथे कुऱ्हाड चालत नाही. पडलेले लाकूडही कुणी चुलीसाठी नेत नाही. सह्याद्रीतल्या अशा राया माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात हिंडून नोंदल्या, तेव्हा कुठे शहराला त्यांची किंमत कळली. शास्त्रज्ञांनी सांगितले ते तात्यांनी दुसऱ्या शब्दांत सांगितले: "देवाच्या भ्यानं राहिलंय, सर."

एका वाळक्या फांदीला गोल भोक होते. कन्येने दुर्बीण लावली, आणि भोकातून लाल कपाळ बाहेर आले. तांबट! हा पक्षी घरटे कोरतो ते वठलेल्या लाकडात. आपण बागेत वाळकी फांदी दिसली की छाटतो, कारण ती बरी दिसत नाही. देवराईत ती तशीच राहते, म्हणून तांबटाला घर मिळते.

तेथे मला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण झाली. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ आम्ही राजनीतीचा आणि मराठी गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. त्यात आरमारासाठी लाकूड हवे असतानाही रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू देऊ नये, अशी ताकीद आहे. कारण ती झाडे लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. राज्याला गलबते हवी होती, तरी झाडामागचे माणूस त्यांना दिसत होते.

परतताना समोरचा एक डोंगर काळा पडलेला दिसला. वणवा लागून गेला होता. वाळल्या गवताला कुणी मुद्दाम काडी लावतो, कुणाची विडी पडते; एका रात्रीत डोंगर जळतो. झाडावरचे पक्षी उडून जातात. पण तित्तर, लावा, चंडोल यांची घरटी जमिनीवर, गवताच्या आडोशाला असतात. अंडी काही उडून जात नाहीत. मुले गप्प झाली. तात्या एवढेच म्हणाले, "पूर्वी इझवाया समदा गाव पळायचा. आता गावात तरणी माणसंच कुठं हायेत?" ती माणसे शहरात होती, त्यांतलाच एक, त्यांचा मुलगा, आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटल्या धूत होता.

त्या एका वाक्याने मला जे कळले, ते वीस वर्षांच्या अध्यापनाने कळले नव्हते. शब्द कोशात टिकत नाही. तांबट हा शब्द टिकायला तांब्यावर पडणारी हातोडी लागते, वठलेली फांदी लागते, ती फांदी न तोडणारा कुणी लागतो, आणि 'हा तांबट' असे म्हणून पोराला बोट करून दाखवणारा म्हातारा लागतो. यांतले एकेक गळत गेले, की शेवटी उरतात ते पाच गुण.

आता मोबाईललाही पक्ष्याचा आवाज ऐकवला की तो नाव सांगतो. आमच्या कन्येने तो प्रयोग केला, आणि त्याने नाव बरोबर सांगितले. पण ते नाव इंग्रजी होते. 'पेरते व्हा' त्याला ऐकू आले नाही. ते ऐकू यायला पावसाची वाट पाहावी लागते.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा वसंत चार-पाच महिने दूर असेल. पण त्यासाठी थांबण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुमाराला उत्तरेकडून आलेला धोबी आपल्याकडे उतरलेला असतो. गावाबाहेरच्या एखाद्या ओढ्यावर, नदीकाठी, फार काय, मैदानात साचलेल्या पाण्यापाशीही तो शेपटी खालीवर आपटीत चालताना दिसेल. फराळ झाल्यावर मुलांना घेऊन जा. नाव लगेच सांगू नका. तो कोणासारखा दिसतो, ते आधी त्यांनाच विचारा. धुण्याच्या यंत्राच्या घरात वाढलेली मुले त्याला कदाचित निराळेच काही नाव देतील, देऊ द्या. मग आपल्या पणजोबांनी त्याला काय म्हटले, ते सांगा.