आमच्या मोटारींतील नकाशा

२०२४ सालच्या मे महिन्यांत एका सकाळीं आमची मोटार भर समुद्रांत शिरली. मोटारींत आम्ही स्वतः, आमचें कुटुंब, आमचे चिरंजीव आणि आमच्या ८२ वर्षांच्या मातुश्री अशीं चौघें जण होतों. शिवडीचा किनारा मागें पडतांच समोरच्या पडद्यावरील जमीन संपली, रस्त्यांच्या रेघा संपल्या, आणि निळ्या रंगांत आमच्या मोटारीचा बाण ताशीं नव्वद किलोमीटरच्या वेगानें निर्धास्तपणें पुढें सरकूं लागला. मोटारींतून वाट सांगणारी जी बाई आहे (ती इंग्रजींत बोलते, पण आमच्या घरांत तिला नुसतें 'बाई' असेंच म्हणतात) तिनें 'शक्य होतांच मागें वळा' असें दोन वेळां बजावून पाहिलें आणि मग ती गप्प बसली. मातुश्री मागच्या आसनावरून वांकून हा सर्व प्रकार पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, घाबरली असेल बिचारी. पूल झालाय म्हणून कुणीतरी तिला सांगा."

पूल झाला होता हें आमच्यापैकीं कोणासहि दिसण्यासारखें होतें. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु त्याच वर्षीं १२ जानेवारीस खुला झाला. आमची मोटार २०१७ सालची, आणि तिच्या पोटांतील नकाशा तिच्याहून वर्ष-दीड वर्षानें वडील. अशा नकाशाला त्या ठिकाणीं खारें पाणी दिसावें यांत बाईचा काय अपराध? आमच्या लहानपणीं आम्हांसहि तेथें पाणीच दिसत असे.

वाट दाखविणारें यंत्र सर्व कांहीं आकाशांतून आणतें, असा सुशिक्षित मंडळींतहि समज आहे, आमचाहि होता. वस्तुतः आकाशांतून फारच थोडें येतें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवतीं फिरणारे अमेरिकेचे उपग्रह आपापल्या अणुघड्याळांतील वेळ आणि आपलें स्थान अखंड सांगत असतात. त्यांपैकीं निदान चौघांचे निरोप कानीं आले म्हणजे ते पोहोंचण्यास किती वेळ लागला यावरून मोटार आपले अक्षांश-रेखांश काढते. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या वांट्यास येणाऱ्या निरोपांत बुद्ध्या थोडी चूक मिसळीत असे. ती मिसळणें बंद झालें तेव्हांपासून तुमच्या-आमच्या मोटारीलाहि आपण कोठें आहों हें चांगलें कळूं लागलें. परंतु त्या जागेवर रस्ता आहे, ओढा आहे, कीं कोणाचें खळें आहे, याची उपग्रहास दादहि नसते. तें कोणीतरी माणसानें पूर्वीं तेथें येऊन, पाहून, लिहून ठेवावें लागतें.

आपल्याकडे हा लिहून ठेवण्याचा उद्योग जुना आहे. विल्यम लॅम्ब्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ आपली पहिली रेघ मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. अर्ध्या टनाचें थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवीत चढवीत वीस वर्षें तो उत्तरेकडे सरकत होता. १८२३ सालीं नागपूरच्या वाटेवर, आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें, तो मरण पावला. त्याची कबर तेथेंच आहे.

मोटारींत नकाशा शिरला तो मात्र अगदीं अलीकडे. १९८१ सालीं होंडा कंपनीनें पारदर्शक पत्र्यांवर छापलेले नकाशे पडद्यावर सरकविण्याची युक्ति काढली. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांतील 'एटॅक' नांवाच्या कंपनीनें नकाशे कॅसेटींवर घातले. आमच्या पिढीनें ज्यांवर नाट्यगीतें ऐकलीं त्याच जातीच्या कॅसेटी. या दोहोंनाहि उपग्रहांचा आधार नव्हता. चाकें किती फिरलीं आणि मोटार कोणीकडे वळली एवढ्या हिशेबावर त्यांचा संसार चाले. 'एटॅक' हा शब्द पॅसिफिक महासागरांतील कॅरोलाइन बेटांच्या नावाड्यांचा आहे. होडी जागची हलत नाहीं, बेटेंच तिच्या बाजूनें मागें सरतात, असें धरून ते लोक आपला मार्ग मोजीत. हें आम्हीं मातुश्रींना मोठ्या कौतुकानें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, "आगगाडींत बसलं कीं झाडं पळतात, तसंच कीं. त्यांत काय!"

एटॅकची एक युक्ति आजच्या मोटारींतहि कायम आहे, आणि पुढील हकीकतीसाठीं ती वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हिशेबानें निघालेली जागा रस्त्यापासून जराशी बाजूला पडली, तर यंत्र मनाशीं म्हणतें कीं मोटार शेतांत कशाला जाईल, ती रस्त्यावरच असणार. आणि बाणाला ओढून जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवितें. समुद्रांत जवळपास रस्ताच नव्हता, म्हणून आमचा बाण मोकळा पोहला.

पूल उतरून आम्ही गोव्याच्या रस्त्याला लागलों. या महामार्गाचा क्रमांक १७ होता, तो २०१० सालच्या फेरमांडणींत ६६ झाला. मातुश्री त्यास अजून 'गोवा रोड' म्हणतात, आणि त्यांची वाट कधीं चुकलेली नाहीं. कशेडी घाटाखालच्या नव्या बोगद्यांत उपग्रहहि दिसेनात आणि नकाशांत बोगदाहि नाहीं, तेव्हां आमचा बाण डोंगराच्या पोटांत कांहीं वेळ भ्रमिष्टासारखा भटकला. चिरंजीवांनीं त्याची छायाचित्रें घेतलीं. अशा गमती करीत आम्ही खारेपाटण गांठलें, आणि मग मोटारींत कोणी बोलेनासें झालें.

खारेपाटणच्या पुढें, तळेऱ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या एका वळणावर आमचें घर होतें. कौलारू, पुढें पडवी, सारवलेलें खळें, तुळशीवृंदावन, मागें विहीर. कोंकणांतल्या हजार घरांसारखें एक. चौपदरीकरणांत २०१८ सालीं तें गेलें. नवा रस्ता वळण सोडून सरळ काढला, आणि त्या सरळ रेघेंत आम्ही येत होतों. मोबदला मिळाला, हेंहि नमूद केलें पाहिजे. आमची कोणावर तक्रार नाहीं. दुसऱ्या वर्षीं आमचे तीर्थरूप वारले. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध आहे असें डॉक्टरांनीं कधीं म्हटलें नाहीं, आणि आम्हीहि म्हणत नाहीं. मातुश्री तेव्हांपासून गांवाकडे आल्या नव्हत्या. या खेपेस ग्रामदेवतेची ओटी भरावयाची राहिली आहे म्हणून निघाल्या.

मोटार घेतली त्या वर्षींच्या गणपतींत तीर्थरूप या यंत्राशीं दोन दिवस खेळत बसले होते. मोटार खळ्यांत उभी होती. चिरंजीव तेव्हां शाळेंत. त्यांनीं आजोबांना ठिकाण जतन करण्याची कळ दाखविली आणि नांव काय देऊं म्हणून विचारलें. आमच्या यंत्रांत 'घर' या नांवाची जागा एकच असते, आणि ती आम्हीं दादरच्या सदनिकेस देऊन ठेवली होती. तीर्थरूपांनीं ती पुसावयास लावली. "तें बिऱ्हाड," ते म्हणाले. "घर हें." त्या दिवसापासून दादरास परत यावयाचें झालें म्हणजे आम्हांस सबंध पत्ता टाकावा लागतो. गेल्या इतक्या वर्षांत तो बदलण्यास आम्हांस सवड झाली नाहीं, असें आम्ही विचारणाऱ्यांस सांगतों.

तर त्या मे महिन्यांत आम्ही नव्या रस्त्यावरून सरळ चाललों होतों, आणि यंत्रानें आमच्या बाणाला ओढून जुन्या रस्त्यावर बसविलें होतें. बाहेर पाहण्यासारखें कांहीं नव्हतें. दुभाजकांत कण्हेरी फुलल्या होत्या. पडद्यावर मात्र मोटारीनें वळण घेतलें, ती आमच्या खळ्याला लागून गेली, आणि बारीकशा लाल निशाणाशेजारीं 'घर' अशीं इंग्रजी अक्षरें आलीं नि गेलीं. मातुश्री खिडकीबाहेर पाहत नव्हत्या. त्या पडद्याकडे पाहत होत्या.

परत आल्यावर हा नकाशा आतां नवा केलाच पाहिजे असें घरांत ठरलें. कंपनीकडून फुकट मिळणाऱ्या नव्या नकाशांची मुदत केव्हांच संपली होती, आणि विकत घ्यावयाचा तर दोन टायरांच्या किमतीइतके पैसे पडत होते. दुरुस्तीच्या ठिकाणचे तरुण गृहस्थ आमची कींव करून म्हणाले, "साहेब, कशाला? मोबाईल लावा कीं." त्यांचें म्हणणें व्यवहारास धरून होतें. मोबाईलमधील नकाशा आपण झोंपेंत असतां आपोआप बदलतो, आणि पैसे पडत नाहींत. घाटांत मोबाईलची रेंज जाते ही अडचण आहे, पण नकाशा आधीं उतरवून ठेवल्यास तीहि राहत नाहीं. आमची नावड निराळ्याच कारणानें आहे. मोबाईलचा नकाशा बदलतो तो कोणास न विचारतां. काल तेथें काय होतें याची खूण आपल्या हातांत उरत नाहीं, आणि पुसणारा कोण तेंहि समजत नाहीं. मोटारींतला नकाशा जुना होतो, जुना झालेला डोळ्यांना दिसतो, आणि नवा करावयाचा तर तो कोणीतरी उठून, पैसे मोजून, आपल्या हातानें करावा लागतो.

एके रात्रीं जेवतांना मातुश्रींनीं विचारलें, "नकाशा नवा केलास तर आपलं घर जाईल का रे?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. हा प्रश्न आमच्याहि मनांत होता, आणि पैशाची सबब पुढें करून आम्हीं चार महिने तें काम लांबणीवर टाकलें होतें तें त्यामुळेंच. उत्तर चिरंजीवांनीं दिलें. "नाहीं जाणार, आजी. जतन केलेलं ठिकाण म्हणजे नुसते दोन आंकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. नकाशा वेगळा, ते वेगळे. खालचा नकाशा बदलला तरी आंकडे तिथंच राहतात." मातुश्रींनीं थोडा विचार केला आणि ताटांतला भात संपविला. "मग कर," त्या म्हणाल्या.

प्रत्यक्ष विधि असा कीं, प्रथम एक पेन ड्राइव्ह मोटारीस जोडावयाचा. मोटार त्यावर आपली ओळख लिहून देते. तो संगणकास लावला कीं त्या ओळखीपुरता नकाशा उतरूं लागतो. आमचा रात्रभर उतरत होता. मग तोच पेन ड्राइव्ह पुनः मोटारींत घालून, इंजिन चालूं ठेवून, स्वस्थ बसावयाचें. मध्यें बंद करावयाचें नाहीं. अर्धा जुना नि अर्धा नवा असा नकाशा यंत्राला मानवत नाहीं. इंजिन चालूं ठेवावयाचें असल्यामुळें हें काम बंद गॅरेजमध्यें मात्र कोणीं करूं नये, धुरानें जीव जाण्याचें भय असतें. आम्हीं मोटार सोसायटीच्या पटांगणांत काढली. मातुश्री खालीं उतरून आल्या आणि पुढच्या आसनावर बसल्या. पन्नास मिनिटें त्या तेथें होत्या. पहारेकरी दोनदां येऊन कोणीकडे निघालां म्हणून विचारून गेला.

शंभर टक्के झाले, पडदा काळा झाला, पुनः उजळला. चिरंजीवांनीं यादी उघडली. 'घर' होतें. त्यांनीं तें मोठें करून दाखविलें. वळण नाहींसें झालें होतें. दोन जाड समांतर रेघा सरळ खालीं गेल्या होत्या, आणि त्यांतल्या एका रेघेच्या मधोमध लाल निशाण उभें होतें.

मातुश्रींनीं चष्मा सारखा केला. "विहीर कुठं?"

"विहीर जुन्या नकाशांतहि नव्हती, आजी. ते फक्त रस्ते दाखवतात."

"मग जुन्यांत तरी सगळं कुठं होतं," मातुश्री म्हणाल्या, आणि दार उघडण्यासाठीं त्यांनीं चिरंजीवांकडे हात पुढें केला.

डिसेंबरांत आम्ही पुनः गेलों. या खेपेस निघतांना मातुश्रींनीं स्वतःच सांगितलें, "घर लाव." बाई नव्या नकाशानें तरतरीत झाली होती. समुद्रावर तिनें एकदांहि मागें वळावयास सांगितलें नाहीं, आणि बोगदा येण्याआधींच तिला तो ठाऊक होता. खारेपाटण गेलें. सकाळची वेळ होती, रस्ता बराचसा मोकळा, आणि आमचा कांटा ऐंशींवर होता. पडद्यावर लाल निशाण वरून खालीं येऊं लागलें, थेट आमच्या बाणाच्या रोखानें. आम्हीं नकळत वेग कमी केला. त्याच क्षणीं बाई आपल्या नेहमींच्या गोड आवाजांत म्हणाली, "आपण इच्छित स्थळीं पोहोंचलां आहांत."

मातुश्रींनीं हात जोडले. मग वळून मागच्या कांचेंतून पाहिलें आणि म्हणाल्या, "थांबूं नकोस हं. मागनं ट्रक येतोय."