पाठ टाक

भोंगा वाजला आणि पन्नास मीटरांतच माझा श्वास अडकला. जून २०१९ मधली सकाळ, विंडसरजवळचं डॉर्नी लेक. माझी पहिली ट्रायथलॉन: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. चहूबाजूंनी हातपायांची घुसळण चाललेली. कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. हवा घ्यायला तोंड वर काढलं तर पाणीच आत आलं. वेटसूटची कॉलर गळा आवळतेय असं वाटायला लागलं आणि पुन्हा पाण्यात तोंड घालायचा धीर होईना. डाव्या हाताला कयाक होती, तिचं टोक धरलं. कयाक धरून थांबता येतं, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही, असा नियम आहे. वल्हं आडवं धरून बसलेल्या बाई म्हणाल्या, घाई करू नकोस, हवा तेवढा वेळ घे.

पाणी मला नवीन नव्हतं. वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या आमच्या गावी मी सातव्या वर्षी विहिरीत पोहायला शिकले. चौदा पायऱ्यांची दगडी विहीर, तळ कधीच न दिसणारं हिरवं पाणी. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, आम्हा पोरांच्या पाठीला डालड्याचा रिकामा डबा सुताडाने बांधायचे आणि आत सोडायचे. पंधरा दिवसांनी डबा सुटला. मी गटांगळ्या खायला लागले तशी वरून हाक आली, "पाठ टाक! पाण्यावर पाठ टाक, ते धरतंय तुला!" पाठ टाकली. कानांत पाणी भरलं, सगळे आवाज बंद झाले आणि विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ दिसलं. मुली विहिरीत कशाला, असं कुणी म्हटलं की तात्या मुरलीकांत पेटकरांचं नाव काढायचे. आमच्या तालुक्यातल्या पेठचा हा माणूस ६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात त्याने सुवर्णपदक मिळवलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. "त्यानं पाण्याला जिंकलं, तुम्हाला निदान तरंगता तरी यावं," हे तात्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

डॉर्नीला कयाक सोडून मी पाठ टाकली. वर ढगाळ आभाळ, कानांत पाणी, गलका एकदम लांब गेला. वीसेक श्वास मोजले. मग कुशीवर वळले आणि पोहायला लागले.

इंग्लंडमधल्या रीडिंगला आम्ही २०११ मध्ये आलो. पुढची पाच वर्षं नोकरी, लेकीची शाळा आणि घर यांतच गेली. पळायला लागले ती शनिवारच्या पार्करनमुळे. सकाळी नऊ वाजता, फुकट, पाच किलोमीटर. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात तेरा जणांच्या पळण्याने सुरू झालेला हा उपक्रम आता गावोगावी पोचलाय. आमची पार्करन नदीकाठच्या थेम्स व्हॅली पार्कात. तिथली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. सगळ्यांच्या मागून चालण्यासाठी एक स्वयंसेवक नेमलेला असतो, म्हणजे शेवटचा नंबर दुसऱ्या कुणाचा येतच नाही. ती माणसं नसती तर मी दुसऱ्या शनिवारी गेले नसते.

पुढची पायरी रीडिंग हाफ मॅरेथॉन. २०१८ सालचा अख्खा हिवाळा मी अंधारात पळाले. कॅव्हरशॅम ब्रिजपासून थेम्सच्या काठाने, केनेट नदी थेम्सला मिळते तिथल्या हॉर्सशू ब्रिजवरून सॉनिंगच्या लॉकपर्यंत आणि परत. आणि ऐन मार्चात बर्फ पडून शर्यत रद्द झाली. त्या दिवशी मी खिडकीत बसून रडले. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातलं. विद्यापीठाच्या आवारातला चढ, मग गावातली गर्दी, अनोळखी माणसं छातीवरचं नाव वाचून हाका मारतात. शेवटी ए-३३ चा लांबच लांब रस्ता. तिथे पाय शिशाचे होतात, समोर स्टेडियम दिसत असतं आणि जवळ येत नाही. दोन तास एकवीस मिनिटांनी मी मडेस्की स्टेडियममध्ये शिरले. लेक वरच्या रांगेतून "आई, आई" ओरडत होती. एवढ्या गोंगाटात तेवढाच आवाज मला ऐकू आला.

त्याच आठवड्यात ट्रायथलॉनचा अर्ज भरला. सायकल जुनी घेतली. रविवारी नदी ओलांडून नेटलबेडच्या बाजूला चिल्टर्नच्या टेकड्या चढायचे. त्या चढांवर डोक्यावर तांबड्या घारी घिरट्या घालत असतात. इंग्लंडमधून ही घार नाहीशी झाली होती. १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून चिल्टर्नमध्ये सोडली, आज आमच्या परसावरूनही त्या जातात. दम लागला की मी थांबून वर बघायचे.

अवघड होतं ते पाणीच. मे महिन्यात ब्रे लेकमध्ये पहिल्यांदा उतरले, पाणी चौदा-पंधरा अंश. थेम्सच्या खोऱ्यातली अशी बरीच तळी म्हणजे खडी-वाळू काढून उरलेले खड्डे, पाण्याने भरलेले. एवढं गार पाणी अंगाला लागलं की माणूस नकळत धापा टाकायला लागतो. छाती आपलं ऐकत नाही. मिनिट-दीड मिनिट नुसतं तरंगत राहिलं की ते ओसरतं. हे मला तिथल्या प्रशिक्षकांनी नीट समजावून सांगितलं होतं, मी मान डोलावली होती. तरी डॉर्नीला भोंगा वाजताच सुटले आणि पुढचं सांगितलंच.

त्या दिवशी पाण्यातून बाहेर आले तेव्हा रॅकवर थोड्याच सायकली उरल्या होत्या. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात लावायचा. थंडीने बोटं इतकी बधिरली होती की बकल लागेना, चार वेळा निसटलं. मग तळ्याच्या कडेकडेने सायकलच्या फेऱ्या, जाताना वारा पाठीवर, येताना छातीवर. याच पाण्यावर २०१२ मध्ये हेलन ग्लव्हर आणि हेदर स्टॅनिंग या दोघींनी वल्हवून ब्रिटनला त्या ऑलिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. ते आठवत मी पायडल मारत होते. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा गळ्यात पदक पडलं. घरी येईपर्यंत ते मी काढलं नाही.

मग ऑगस्ट आला. गावाकडे कोयना धरणातून पाणी सुटत होतं, पाऊस थांबत नव्हता. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ फुटांवर गेली. दोन दिवस भावाचा फोन लागेना. मी इथे रात्रभर मराठी बातम्या लावून बसलेली. ८ तारखेला ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटल्याची बातमी आली आणि माझ्या हातापायांतलं बळच गेलं. त्यात आमचं कुणी नव्हतं, पण ती माणसं आमचीच होती. ऑगस्टमधल्या एका शर्यतीत नाव होतं, गेले नाही. वेटसूट दोरीवर वाळत होता, त्याच्याकडे बघवेना. पाण्यात हौसेने उतरायचं ही गोष्टच मला त्या दिवसांत सहन होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी भाऊ बोलला. सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर सुखरूप होते. तात्या घर सोडायला तयार नव्हते. चौऱ्याहत्तर वर्षांचा, अर्धं गाव पोहायला शिकवलेला माणूस. शेवटी नातवाने पाय धरले तेव्हा लाइफ जॅकेट घालून बोटीत बसले. आम्ही इथून जमले तेवढे पैसे पाठवले. त्याहून जास्त काही करता आलं नाही, हे मला आजही डाचतं.

सप्टेंबरमध्ये डॉर्नीला पुन्हा गेले, तेवढंच अंतर. जाऊ की नको करत आदल्या रात्री तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "पाण्यावर राग धरून कसं चालंल? जा." या वेळी भोंग्याच्या दोन मिनिटं आधी चेहरा पाण्यात बुडवला, छाती शांत होऊ दिली. सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. सहा हात मारले की मान उचलून नारिंगी बोया बघायचा, पुन्हा सहा हात. पाणी गढूळ हिरवं होतं, हात कोपरापर्यंत दिसायचा, पुढे नाही. विहिरीतही तेवढाच दिसायचा. बाहेर आले तेव्हा घड्याळात एकोणीस मिनिटं होती, जूनपेक्षा सहा कमी.

संध्याकाळी तात्यांना फोन लावला. मागे फावड्याचा आवाज येत होता.

"पाणी गार हुतं?"

"सतरा अंश."

"ते मला काय कळतंय? आपल्या हिरीपेक्षा गार का?"

"लई गार, तात्या."

"मग पाठ टाकलीस का न्हाई?"

"या वेळी टाकावी लागली नाही."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिरीतला गाळ काढाय लागलोय. पाच पायऱ्या मोकळ्या झाल्या. नऊ राहिल्यात."