वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा

मुंबई परिसरातील आपल्या समाजाला आगाशी हे गाव नवे नाही. मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनासाठी विरारहून कितीतरी कुटुंबे तेथे जातात, पूजा करतात आणि परतीची गाडी पकडतात. रस्ता मात्र देरासरापाशी संपत नाही. केळीच्या वाड्यांमधून तो तसाच पश्चिमेला जातो आणि थोड्याच वेळात अर्नाळ्याच्या वाळूवर समुद्राला भिडतो. तेवढ्या उरलेल्या वाटेकडे वाचकांचे लक्ष वेधावे, अशी इच्छा आहे.

अर्नाळ्याची ओळख समुद्राकडून करून देण्याचा प्रघात आहे; मला ती डोंगराकडून करून द्यावीशी वाटते. त्र्यंबकच्या ज्या डोंगरांतून गोदावरी पूर्वेला निघते, तेथेच वैतरणा उगम पावते आणि पश्चिमेची वाट धरते. मोखाडा तालुक्याच्या खोल दऱ्यांतून ती खाली उतरते. जव्हारच्या पठाराकडचे पाणी पिंजाळ आणि सूर्या या नद्या तिच्या स्वाधीन करतात. एवढे सगळे डोंगर धुऊन आलेली ही नदी जेथे समुद्रात विसर्जित होते, त्या मुखाशी अर्नाळ्याचे बेट आहे. वैतरणी हे नाव आपल्या कानांना नरकाची आठवण करून देते. उत्तराध्ययन सूत्रात तर अनाथी मुनी श्रेणिक राजाला सांगतात की, आपला आत्माच वैतरणी आहे. भूगोलातली वैतरणा मात्र लाखोंची तहान भागविते.

नदीच्या मुखावर ज्याचा ताबा, त्याची व्यापारावर हुकमत, हे जुन्या सत्ताधीशांनी ओळखले होते. सोळाव्या शतकात आगाशी जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध होती. पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे ती लुटली. त्यांच्याकडून मराठ्यांनी अर्नाळा १७३७ मध्ये जिंकला. वसई पडली ती त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे मोठ्या किल्ल्याची किल्ली या छोट्या बेटावर होती, असे म्हणावयास हरकत नाही. आज दिसणारा भक्कम तट आणि हत्ती-वाघांच्या शिल्पांनी सजलेला दरवाजा ही मराठ्यांच्या बांधणीची साक्ष आहे. १७८१ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहाने परत दिला आणि १८१७ मध्ये कायमचा आपल्याकडे ठेवला. भारतीय नौदलाने १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे सेवेत घेतलेल्या पाणबुडीविरोधी युद्धनौकेला याच किल्ल्याचे नाव दिले आहे.

तटाच्या आत एक अष्टकोनी तळे आहे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये हे गोडे! काठावर मंदिर आहे ते त्र्यंबकेश्वराचे. नदीचा उगम त्र्यंबकला आणि मुखाशी पुन्हा त्र्यंबकेश्वर. हे नाव येथे योजून आणले की सहज आले, कोण जाणे, पण मला ते फार अर्थपूर्ण वाटले.

तटाबाहेर कोळी, मांगेला, वैती यांची वस्ती आहे. (जव्हारवर १९४८ पर्यंत राज्य करणारे मुकणे घराणेही कोळीच, परंतु डोंगरातले महादेव कोळी, नाव एक, जीवन निराळे.) मासेमारी आपल्या आचारात बसत नाही, हे उघड आहे आणि ते झाकण्याचे कारणही नाही. म्हणून त्या माणसांकडे पाठ फिरवावी, हे मात्र मला पटत नाही. आगाशीच्या देरासराशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या मोतीशा शेठ यांची गलबते चीनपर्यंत जात. ती सुखरूप नेणारे हात दर्यावर्दी माणसांचेच होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. तेव्हा नावा वाळूवर ओढलेल्या असतात, ओसरीवर जाळी दुरुस्त होत असतात आणि घराघरांतून नारळी पौर्णिमेची वाट पाहिली जाते.

या बेटाला खरी चिंता आहे ती पायाखालच्या जमिनीची. पावसाळी उधाणात किनारा खचतो. काही घरे समुद्राने गिळली आहेत. तिकडे वर मोखाड्यातही सुख नाही. १९५७ मध्ये मोडकसागर झाला, पुढे कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण उभे राहिले आणि नदीचे पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला पोहोचू लागले. त्याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या स्त्रिया दरी चढताना दिसतात. आता पिंजाळवरही मुंबईसाठी धरण योजिले आहे. २०१४ पासून हे डोंगर आणि हे बेट एकाच पालघर जिल्ह्यात आहेत.

बेटावर जाण्यासाठी होडी मिळते. पाऊस सरल्यावर, भरती-ओहोटीची वेळ विचारून निघावे. आगाशीचे दर्शन सकाळी झाले, तर किल्ला पाहून सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी परतता येते.