आकडा मोठा की एकक?

पावसाळ्यात आमच्या बडोद्याच्या घरी दोन धरणांची चर्चा असते. साताऱ्याचे काका फोनवर सांगतात, कोयनेची क्षमता सुमारे 105 टीएमसी. इकडे सरदार सरोवराची 9,460 दशलक्ष घनमीटर. नुसते आकडे पाहिले तर मला फरक नव्वदपट वाटतो! पण एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 28.3 दशलक्ष घनमीटर. म्हणजे कोयना झाली साधारण 2,970. फरक जेमतेम तिपटीचा.

घनकिलोमीटर आणखी सोपा. किलोमीटरचे 1,000 मीटर. लांबी, रुंदी, खोली अशी तीनदा गुणली की 1,000 दशलक्ष घनमीटर. सरोवर साडेनऊ, कोयना तीन. पाणीवाटपाची बातमी वाचताना म्हणूनच मी आधी एकक बघते, मग कुणाला किती ते ठरवते.