सर्वांस उत्तर

जुन्या मराठी पत्रांत एकाच पाकिटातून साऱ्या घराला निरोप जात असे. वडिलांना साष्टांग नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद आणि 'ता. क.' म्हणून शेजारच्या काकूंसाठी एखादे वाक्य. पत्र एकाच्या नावे असले तरी ते चारचौघांत वाचले जाणार, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असे. म्हणून कोणाच्या वाट्यास कोणते वाक्य यावे, हे तो आधीच ठरवी. अनेकांना एकदम लिहिण्याची रीत संगणकाने आणली, असे आम्हांस म्हणूनच वाटत नाही.

ई-मेलमधील 'सीसी' ही अक्षरेही कार्बन प्रतीचीच आठवण आहेत. टंकलेखन यंत्रावर चौथी-पाचवी प्रत पुसट निघे, त्यामुळे प्रत कोणास द्यावी याचा विचार करणे भाग पडे. आज चाळीसाव्या वाचकासही पहिल्याइतकीच स्वच्छ प्रत मिळते आणि तो विचार मागे पडतो. नेटशिष्टाचारावरील १९९५ सालच्या 'आरएफसी १८५५' या टिपणात एक साधी सूचना आहे : संवाद दोघांपुरता उरला असेल, तर इतरांस त्यातून मोकळे करावे. तीस वर्षे झाली, तरी ती जुनी झालेली नाही.

आमच्या सवयी याच धाटणीच्या आहेत. आभार मानायचे ते ज्याचे त्यालाच. मूळ मजकुरातील ज्या वाक्यास उत्तर द्यायचे तेवढेच ठेवून बाकीचे काढून टाकायचे. कोणाच्या निधनाची वार्ता आली, तर सर्वांना दोन शब्दांची श्रद्धांजली धाडण्याऐवजी घरच्यांना चार ओळी लिहायच्या. कोणाची चूक दिसली, तर ती त्यालाच कळवायची. सर्वांपुढे ती दुरुस्त करण्याचा पहिला अधिकार त्याचा.

मात्र 'शंका असेल तेव्हा एकट्यालाच लिहा' या नियमाची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासक्रम समितीत एका तरुण अध्यापिकेने कवितेच्या प्रश्नपत्रिकेत अनुवादित कविता घ्याव्यात असे सुचवले. एका ज्येष्ठ सदस्यांनी प्रस्तावाबद्दल अवाक्षर न काढता, सर्वांना प्रत पाठवून, तिच्या शुद्धलेखनाची खिल्ली उडवली. दुसऱ्या दिवशी तिने आम्हांस सांगितले, सहानुभूतीची सात पत्रे आली आहेत. सातही फक्त तिच्या एकटीच्या नावे. समितीत शांतता होती. अपमान तेवीस जणांसमोर झाला आणि दिलासा मिळाला तो बंद दाराआड.

त्या दिवशी आम्ही 'सर्वांना उत्तर' दिले. ज्येष्ठांचा उल्लेख केला नाही, शुद्धलेखनाचाही नाही. प्रस्ताव विचारार्ह आहे, अनुवाद शिकवताना मूळ कविता शेजारी ठेवता येईल का हे पाहावे आणि हा विषय पुढील बैठकीच्या कार्यसूचीत घ्यावा, एवढ्या तीनच ओळी. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांनी सर्वांना लिहिले. बैठकीत प्रस्ताव संमत झाला नाही. पण त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि ती प्रस्तावाविषयी झाली.

तेव्हापासून उत्तर धाडण्यापूर्वी आम्ही दोन प्रश्न विचारतो. हे किती जणांनी वाचण्याची गरज आहे? आणि ज्याच्याविषयी लिहीत आहोत, त्याला जे सोसावे लागले ते किती जणांसमोर? बहुतेक वेळा पहिलाच प्रश्न पुरतो.