तट्टेकाडच्या रानातील एक पहाट

सहलीला जायचे म्हटले की आपली ठिकाणे ठरलेली असतात. यंदा रजा प्रवास सवलत मिळाली तेव्हा आम्हीही त्याच विचारात होतो. पण आमच्या मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून सलीम अलींवरचे पुस्तक आणले आणि घरात एकच धोशा लावला, रानातले पक्षी पाहायचे! शेवटी डिसेंबरात आम्ही सहकुटुंब केरळातील तट्टेकाडला गेलो.

कुर्ल्याहून नेत्रावती एक्सप्रेसने अलुवा, तिथून बसने कोतमंगलम आणि पुढे थोड्याच अंतरावर पेरियार नदीकाठी हे अभयारण्य. क्षेत्र सुमारे २५ चौरस किलोमीटर. आपल्या मुंबईत जन्मलेल्या सलीम अलींनी १९३३ साली त्रावणकोर-कोचीन संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हे रान त्यांच्या नजरेत भरले. १९८३ साली ते अभयारण्य झाले आणि आज त्याला त्यांचेच नाव आहे.

आदल्या संध्याकाळी वाट दाखवणाऱ्या बाई भेटल्या. वय पन्नाशीचे. सगळे त्यांना 'चेची' म्हणत. चेची म्हणजे ताई. त्यांनी सकाळच्या फेरीची मजुरी सांगितली आणि आम्ही लगेच घासाघीस सुरू केली. "चार तास चालायचे, त्याचे एवढे?" असे आम्ही बोलून गेलो. चेची काही बोलल्या नाहीत. थोडे कमी केले आणि पहाटे साडेपाचला तयार राहा म्हणाल्या.

पहाटे रानात शिरलो तर काहीच दिसेना. सखल प्रदेशातले हे सदाहरित जंगल. झाडे उंच, वर पानांचे छत, खाली अंधार. मुलगा वैतागला, "बाबा, पक्षी कुठेत?" चेचींनी ओठावर बोट ठेवले आणि कानाकडे खूण केली. इथे आधी ऐकायचे, मग पाहायचे. त्या एकेक आवाज ऐकून नाव सांगू लागल्या. एका फांदीवरून चार पक्ष्यांचे आवाज आले. चेची हसल्या. तो एकटा पल्लवपुच्छ कोतवाल होता, दुसऱ्यांच्या नकला करणारा! शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुपके. त्याच्या मागोमाग किडे टिपत निरनिराळ्या पक्ष्यांचा थवाच आला. पाच मिनिटांत सारे झाड हलू लागले.

पुढे कर्णा पक्ष्याचा नर दिसला. पोट लालभडक, पण आमच्याकडे पाठ करून इतका निश्चल बसलेला की आम्ही त्याच्या खालून निघून गेलो असतो. एका उंच झाडाची ढोली दाखवून चेचींनी धनेशाची हकीकत सांगितली. मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते. नर त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. मुलांच्या आईने आमच्याकडे असे काही पाहिले की आम्ही दुर्बीण डोळ्याला लावली.

मग चेची एका झुडपापाशी थांबल्या. "मोळे, नोक्कू," म्हणजे बाळ, बघ. मुलीला दिसली ती दोन वाळकी पाने. नीट पाहिल्यावर पानांना डोळे दिसले. बेडकासारख्या रुंद तोंडाचे ते फ्रॉगमाऊथ, एकमेकांना चिकटून झोपलेले जोडपे. रात्री किडे धरतात, दिवसा असे बसतात. आम्ही दहा वेळा तिथून गेलो असतो तरी दिसले नसते. मुलगी श्वास रोखून उभी होती.

परतताना चहा घेताना विचारले, हे कुठे शिकलात? मोडक्या हिंदीत त्या म्हणाल्या, पूर्वी मी रबराच्या मळ्यात चीक काढायला जायचे. पहाटे अंधारात एकटी चालायची. आवाज ओळखीचे झाले. पुढे अभ्यासकांचे सामान उचलताना नावे कळली. शाळा चौथीपर्यंत.

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कामगारांच्या सभेत योग्य मजुरीवर आम्ही भाषणे करतो. आणि इथे चार तासांचा हिशोब करून वीस वर्षांच्या पहाटा फुकट मागत होतो! आम्ही पूर्ण पैसे पुढे केले. चेचींनी ठरले होते तेवढेच मोजून घेतले, उरलेले परत दिले आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधीच पूर्ण बोला."

वाचकहो, मुलांना घेऊन अवश्य जा. हिवाळ्यात जा, भडक कपडे नकोत, गलका नको. आणि वाट दाखवणाऱ्याशी भाव करू नका.